टीव्हीने कापलेलं तुझं वाक्य

सुध्या, आज सकाळी मॉलमध्ये एकटाच फिरून आलो. बाहेर उणे सव्वीस होतं. दुकानांची शटरं अजून खाली होती आणि आपली नेहमीची म्हातारी मंडळी पांढरे बूट घालून निमूटपणे फेऱ्या मारत होती. दारातल्या सिक्युरिटीच्या बाईने विचारलं, तुमचा मित्र कुठे आहे? मी सांगितलं, बाहेरगावी गेला आहे. असं का सांगितलं ते मला विचारू नकोस. फूड कोर्टमध्ये, गोष्टींत लिहितात तशी, मी चुकून दोघांची कॉफी वगैरे मागवली नाही. एकच मागवली, आणि तीही काही संपली नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा अध्यक्षांचा निरोप आला आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, भूषवलेली पदं. ते सगळं तुझ्या मुलीने, केतकीने, पूर्वेकडच्या कनाटा गावाहून आधीच पाठवलं आहे, फोटोसकट. मला तसलं जमत नाही. मी जन्मभर आल्बर्टाची जमीन मोजली, माणसांची मोजमापं घेणं माझं काम नव्हे. शिवाय मला जे लिहायचं आहे ते अंकात छापतील असं वाटत नाही. त्यात एका मुलाची गोष्ट येते. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याच्या आईचंही नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, लिहा. म्हणून लिहितो आहे.

तुझी टीव्हीवरची कारकीर्द दुसऱ्याच्या सुट्टीमुळे सुरू झाली, हे तू कुणाला सांगायचा नाहीस. मंडळाचे सेक्रेटरी भारतात गेले होते, मंडळाचा फोन तुझ्याकडे होता, आणि इथल्या एका वाहिनीला दिवाळीवर चार वाक्यं बोलणारा माणूस हवा होता. तू हात जोडलेस, हसलास, चार वाक्यं बोललास. त्यांना असा माणूस मिळाला आणि त्यांनी तो सोडला नाही. तेव्हापासून एडमंटनमध्ये आपल्यासारख्या दिसणाऱ्या कुणाचंही काहीही झालं की फोन तुला. इंडियन ग्रोसरीत कांदे महागले, फोन तुला. देवळाची दानपेटी फुटली, फोन तुला. तुझा तो निळा कोट कायम गाडीत मागे टांगलेला असायचा. वर कोट-टाय आणि खाली बर्फातली जाड पँट, कारण कॅमेरा छातीखाली येत नाही हे तुला लवकर कळलं होतं. मी तुला ‘प्रवक्ते’ म्हणायचो. तुला ते आवडायचं आणि तू उगाच रागावल्यासारखं करायचास.

मग कधीतरी एका शाळेबाहेर पोरांची मारामारी झाली आणि त्यांनी तुला त्यावर बोलायला बोलावलं. तू म्हणालास, आमच्याकडे संस्कार घरातून मिळतात. बोललास इंग्रजीत, पण ‘संस्कार’ हा शब्द मराठीच ठेवलास आणि मग निवेदिकेला त्याचा अर्थ समजावून सांगितलास. ती खूश झाली. पुढे पोरांच्या हाणामारीची बातमी आली की तुझं हे वाक्य ठरलेलं. मी तुला फूड कोर्टमध्ये म्हणालो होतो की याचा सरळ अर्थ असा होतो की बाकीच्यांची घरं म्हणजे धर्मशाळा. ‘अबे, मी तसं कुठं म्हणलो?’ म्हणून तू माझ्यावरच उखडलास. आणि तू खरंच तसं मनात आणून बोलला नव्हतास. चारचौघांत आपल्या माणसांचं चांगलं दिसावं, एवढीच तुझी हौस. त्या हौसेपायी दुसऱ्याच्या अंगणात काय पडतं, तिकडे तू बघत नव्हतास.

आणि एकट्या तुला का बोल लावू? आपल्या सगळ्यांचं आडनावाचं वेड तेच आहे. गावात काही वाईट घडलं की मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘आपल्यातलं कुणी नाही ना?’ आडनाव कळेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. आडनाव भलत्याच कुणाचं निघालं की हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते, आणि तिच्याच खाली रविवारच्या पोह्यांची वेळ येते. तिकडे असताना आपण आडनावावरून माणसाचं गाव, जात, आळी सगळं लावायचो. इथे येऊन खोड तीच राहिली. फक्त आता आडनाव आपलं नसलं की आपण सुटलो.

गेल्या वर्षी थंडी पडायच्या सुमाराला शहराच्या ईशान्येकडच्या एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एका पोराने दुसऱ्याला सुरी मारली. ज्याला लागली तो हॉस्पिटलमध्ये. ज्याने मारली तो पोलिसांकडे. अठराच्या खालच्या आरोपीचं नाव छापायला इथे कायद्याने बंदी आहे. नाव नाही म्हटल्यावर चर्चेला रान मोकळंच मिळालं.

तुला ती सकाळ आठवत असेल. फूड कोर्टच्या भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद असतो, नुसती अक्षरं खालून धावतात. चार चौकटींत चार डोकी बसली होती. एक म्हणत होता, हा त्या लोकांच्या संस्कृतीचा प्रश्न आहे. दुसरा म्हणाला, त्या घरांत बाप नसतो. तिसऱ्याला सगळा दोष त्या मुलांच्या गाण्यांत दिसत होता. चौथ्या बाई म्हणाल्या, आपण वंश बाजूला ठेवून बोलूया, आणि पुढे ब्रेक येईपर्यंत त्या वंशावरच बोलल्या. मुलगा कोण हे चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. वस्ती मात्र माहीत होती. तिथे आफ्रिकेतून आलेली कुटुंबं जास्त, तेवढ्यावर चौघांचं भागलं. मग विंटर टायरची जाहिरात लागली.

मी नेहमीप्रमाणे त्यांची टिंगल करत होतो. तू साखर न घातलेली कॉफी ढवळत बसला होतास. मग हळूच म्हणालास, ‘रम्या, तो आपला आहे.’

त्याच्या आईने त्या सकाळी तुला फोन केला होता. एखादा चांगला वकील माहीत आहे का, हे विचारायला, कारण मंडळात अशा कामाला सगळे तुलाच फोन करतात. तिचा नवरा उत्तरेला तेलाच्या साइटवर, आठवडेच्या आठवडे बाहेर. पोरगा तुझ्या बेसमेंटमधल्या रविवारच्या मराठी शाळेत बरीच वर्षं यायचा. तू मराठीत विचारायचास, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. शाळा सुटल्यावर तुझ्याच घरी जेवून जायचा. त्याने असं का केलं ते मला आजही माहीत नाही. तुलाही नव्हतं. तुझं म्हणणं एवढंच होतं की टीव्हीवरच्या त्या चौघांना जे माहीत आहे म्हणे, ते तरी आपल्याला माहीत असायला हवं, इतकी वर्षं आपण त्याला जेवू घातलं.

नंतरच्या आठवड्यात हसन तुझ्याशी कुंपणावरून बोलला. तुझा शेजारी, सुदानहून आलेला, ट्रक चालवणारा. दोघेही आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतात. त्याच्या मोठ्या मुलापासून बसस्टॉपवर लोक सरकून उभे राहायला लागले होते, आणि बास्केटबॉलच्या कोचने त्याला विचारलं होतं, तू ओळखतोस का रे त्याला? हसन तुला म्हणाला, तुम्ही टीव्हीवर जाता, तर त्यांना एवढं सांगा की शहरातली सगळी वाईट मुलं आमच्या घरात जन्मत नाहीत. हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. तुला माहीत होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं.

मग कोजागिरी. तोवर हॉलमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं आणि एकही जण नाव काढत नव्हता. त्या मुलाची आई आली नव्हती. दूध ढवळता ढवळता कुणीतरी म्हणालं, देवाची कृपा, इथे नाव छापत नाहीत. दुसरं कुणी म्हणालं, आणि टीव्हीवाले भलत्याच गल्लीत शोधतायत, शोधू दे. तिथे हशा झाला असं नाही. पण कुणी नाही म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. तू दुधाचा ग्लास तसाच ठेवलास आणि जॅकेट घालायला लागलास.

गाडीत आपला वाद झाला. तू म्हणालास, आता फोन आला तर मी जाणार आणि सांगणार की तो आपला आहे. मी विचारलं, नाव सांगणार? ‘नाव काऊन सांगीन? आपला आहे, एवढंच.’ मी म्हणालो, मंडळात त्या वयाची पोरं आहेत किती? आपला म्हटलंस की नाव सांगितल्यासारखंच. त्या बाईला उद्या याच गावात राहायचं आहे.

‘ती आता जगून राहिली का बे?’ तू म्हणालास.

मी म्हणालो, मग आधी तिला विचार. तू म्हणालास, विचारायलाच जाऊन आलो, ती फोन उचलत नाही, दार उघडत नाही. मग गप्प बस, मी म्हणालो. तू सिग्नलला थांबला होतास. समोर बघतच म्हणालास, ‘मी गप्प बसलो तर हसनच्या पोरानं काय करावं, ते सांग.’ मी हीटर वाढवायला सांगितलं.

सुध्या, माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. तिला विचारल्याशिवाय तोंड उघडायचा हक्क तुला नव्हता. तू गेलास म्हणून मुद्दा जात नाही. आणि तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही, तोही जात नाही.

फोन आलाच. संध्याकाळच्या अंधारात तुला बर्फावर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी घेऊन गेलो. मला स्टुडिओत एका कोपऱ्यात उभं केलं आणि फोन बंद करायला लावला. तुझ्या कोटाला माइक लावणाऱ्या पोरीला तू विचारलंस, ज्याला सुरी लागली तो मुलगा कसा आहे? ती म्हणाली, विचारून सांगते. तिला माहीत नव्हतं. निवेदकाला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांच्या चर्चेत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. तो पोरगा वाचला, हे आपल्याला पुढे भलतीकडूनच कळलं.

निवेदकाने विचारलं, एक ज्येष्ठ नागरिक म्हणून त्या समाजातल्या पालकांना तुम्ही काय सांगाल? तू हात जोडले नाहीस. हसला नाहीस. तुझ्या त्या नागपुरी इंग्रजीत सावकाश म्हणालास, ‘मी इतकी वर्षं इथे येऊन सांगत आलो की संस्कार घरातून मिळतात. आता मला ते खात्रीने सांगता येत नाही. तो मुलगा आमचा आहे. माझ्या घरी जेवलेला आहे. त्याला दुसऱ्या कुणाच्या घरात शोधू नका.’

निवेदकाने समोरचा कागद चाळला आणि तुझे आभार मानले. परत येताना तू म्हणालास, भूक लागली. आपण पिझ्झा खाल्ला. तू स्वतःचेही कडेचे तुकडे खाल्लेस आणि माझेही. इतका हलका झालेला तुला मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो. वाद घालायचा राहूनच गेला, म्हटलं उद्या घालू.

दुसऱ्या दिवशी वाहिनीतल्या एका कर्मचाऱ्याचा फोन आला. अल्पवयीन मुलाची ओळख पटेल असं काही दाखवता येत नाही, वकिलांनी कात्री लावली आहे, सॉरी. ते त्यांचं बरोबरही असेल, कायद्यातलं मला कळत नाही. पण तुझं जे उरलं ते त्यांनी हवामानाच्या बातम्यांआधी दाखवलं. निळा कोट, खाली तुझं नाव, आणि तू म्हणतोयस, संस्कार घरातून मिळतात. पुढचं मागचं काही नाही. त्या आधी आणि त्या नंतर ती चार डोकी.

मंडळाच्या ग्रुपवर वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला. काय सांभाळून बोललात. आपली बाजू किती छान मांडलीत. हसनने दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मान हलवली आणि आपल्या बाजूचा बर्फ काढत राहिला. त्याच्याशी बोलायला तू तोंड उघडलंस, पण कुणाचा मुलगा हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नव्हतं. आणि त्या मुलाच्या आईचा मेसेज आला, तो तू मला दाखवलास. ‘काका, तुम्हीसुद्धा?’ एवढाच.

मी म्हणालो, मी जातो, मी ऐकलंय, मी साक्षीदार आहे. तू हट्टाला पेटलास. ‘नाही. माझ्या तोंडून गेलं, ते माझ्याच तोंडून निस्तरीन. तू मधात पडू नको. तुला शपथ आहे.’ शपथ घालायचं वय राहिलं होतं का आपलं? पण घातलीस. तिच्या दारात जाऊन उभा राहिलास. आत दिवा होता, दार उघडलं नाही. वाहिनीला फोन केलास, तर ते म्हणाले, तुम्ही बोलला नाहीत असं आम्ही काही दाखवलेलं नाही. आणि खरंच, ते वाक्य तू बोलला होतास. त्याचीच तर पंचाईत होती. पुढच्या वेळी त्यांचा फोन आला तेव्हा तू नको म्हणालास. मग त्यांनी तुझ्या जागी दुसरा माणूस शोधला आणि त्यानेही हात जोडून तेच सांगितलं. कोट तू डोनेशनच्या डब्यात टाकून आलास.

थंडी जरा कमी झाली की तिच्याकडे परत जाईन, असं तू म्हणत राहिलास. एडमंटनमध्ये असं म्हणणारा माणूस एप्रिलपर्यंत घरी बसतो. तू एप्रिलपर्यंत थांबला नाहीस.

मला तुझा राग येतो, सुध्या. लोक मला येऊन सांगतात की चांगलं मरण आलं, झोपेत गेले, त्रास झाला नाही. मला झाला. मी लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. या देशात मला ‘अबे’ म्हणणारा तू एकच होतास. माझ्या पहिल्या थंडीत मी पुण्याहून आणलेले कातडी बूट घालून हिंडत होतो, तेव्हा तू मला दुकानात नेऊन, माझं न ऐकता, बेढब काळे बूट घ्यायला लावलेस. दिवाळीला तुझ्या घरून चिवडा यायचा, वहिनी गेल्यावर तो तू स्वतः करायला लागलास, तो वाईट व्हायचा, तरी यायचा. संध्याकाळी हवामान झालं की तुझा फोन यायचा, उद्या उणे किती हे सांगायला, जसं काही माझ्या घरी टीव्ही नाही. हे सगळं बंद झालं, आणि मागे मला काय ठेवलंस? कुणालाही न सांगायची चार वाक्यं, आणि वर शपथ.

आता तेराव्याचं सांगतो. देवळाचा खालचा हॉल भरला होता. केतकीने सगळं नीट केलं, रडता रडतासुद्धा ती सगळ्यांना पाणी विचारत होती. अध्यक्ष बोलले, आणखी दोघं-तिघं बोलले. मग दिवे मंद केले आणि पडद्यावर तुझे फोटो सुरू झाले. ट्रिपचे, गणपतीचे, तरुणपणचा एक मिश्यांचा. आणि शेवटी तू बोललास. कुणीतरी हौसेने ती क्लिप शोधून लावली होती. निळ्या कोटातला तू आणि ते एक वाक्य. संस्कार घरातून मिळतात. अध्यक्ष म्हणाले, हाच आपल्या सुधाकररावांचा संदेश. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्राद्धाच्या दिवशी टाळ्या.

ती मागच्या रांगेत बसलेली मला तेव्हा दिसली. कधी आली माहीत नाही. अंगावरचं जॅकेटही काढलेलं नव्हतं. ती उठली आणि बाहेर गेली, आणि तिच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आधीपासूनच रिकाम्या होत्या.

मी तुझी शपथ मोडली. ती जिन्याखाली बूट चढवत होती. मी म्हणालो, थांब, तो जे बोलला त्यातलं एकच वाक्य दाखवलं, मी तिथे होतो. ती थांबली, पण माझ्याकडे बघायला तयार नव्हती. म्हणाली, ‘काका, समजूत घालू नका. मी शेवटचं बघायला आले होते, बघितलं.’

मग मी तुझी वाक्यं सांगितली. जशी होती तशी, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आता मला ते खात्रीने सांगता येत नाही. तो मुलगा आमचा आहे. माझ्या घरी जेवलेला आहे. त्याला दुसऱ्या कुणाच्या घरात शोधू नका.

ती एका पायात बूट घालून जिन्यावर बसली. वरून कुणीतरी उतरलं, आम्हाला बघून पुन्हा वर गेलं. मग ती म्हणाली, ‘परत सांगा.’ मी परत सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, त्याने आधी तुला विचारायला हवं होतं, मी त्याला तेच सांगत होतो. ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते.’ आणि डोळे पुसून म्हणाली, ‘बरं झालं नाही विचारलं.’ तुझा मुद्दा बरोबर ठरला असं मी लगेच मानणार नाही. पण तू हे ऐकायला हवं होतंस.

मग तिने विचारलं, ‘हे तुम्ही आत का नाही बोललात?’

मी म्हणालो, तू समोर होतीस, सगळ्यांना कळलं असतं.

‘सगळ्यांना माहीतच आहे, काका. माहीत नसल्यासारखं वागतात. माझ्या शेजारी बसत नाहीत आणि मुलाचं कसं चाललंय ते विचारत नाहीत. तो तुरुंगात आहे की घरी आहे, हेसुद्धा मला कुणी विचारलेलं नाही.’ मग बूट काढला आणि म्हणाली, ‘चला. आत सांगा. मी आहे तिथे.’

जेवणं सुरू झाली होती. मी माइक मागितला तेव्हा अध्यक्षांना वाटलं, जुनी आठवण सांगतोय. मी बोलायला भितो हे तुला माहीत आहे. सभेत उभं राहायची पाळी आली की तू माझ्या वतीने बोलायचास. मी एवढंच म्हणालो की मघाशी दाखवलं ते सुधाकरचं कापलेलं वाक्य आहे, उरलेलं मला पाठ आहे. आणि सांगितलं. ती दारापाशी जॅकेट काढून उभी होती. वाढणारे हातातली भांडी घेऊन थांबले. टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणाले, जेवण गार होतंय. दोन माणसं ताट अर्धं टाकून निघून गेली. कुणाचं मन बदललं वगैरे मी सांगणार नाही, मला तसं दिसलं नाही. केतकी मात्र उठली, तिला हाताला धरून आत आणलं आणि ताट वाढून दिलं.

त्या मुलाची आई आणि मी शेजारी बसलो. तिने पोळीचा घास केला, तो तसाच हातात धरून ठेवला. म्हणाली, ‘काका, आत्ता सुधाकरकाकांना फोन करून सांगावंसं वाटतंय, की मला कळलं.’

‘मलाही,’ मी म्हणालो.